अद्भुतरम्य चित्रकथेतील कौटुंबिक छळ : एक जपानी उदाहरण

चित्रकथा गंभीर अभ्यासाचा विषय होऊ शकते काय, हा वाद आता जुना झाला आहे. ज्या वाङ्मयाचा वाचकवर्ग मोठा असतो, त्यात समाजाची भावनिक गृहीतकृत्ये अधिक उघडपणे दिसतात. अभ्यासकाला एवढे कारण पुरेसे आहे. प्रस्तुत लेखात एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. अद्भुतरम्य प्रणयकथेत नायिकेचा स्वजनांकडून होणारा छळ हा जेव्हा कथेचा आरंभबिंदू असतो, तेव्हा ती कथा त्या छळाचा निषेध करते, की छळामागील मूल्यव्यवस्थेला मूक संमती देते?

उदाहरणादाखल 'वाताशी नो शिआवासे ना केक्कोन', म्हणजे 'माझा सुखी विवाह', ही कथा घेऊ. अकुमी आगितोगी यांची ही कादंबरी 2019 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागली. रितो कोसाका यांनी तिला चित्रकथेचे रूप दिले, आणि 2023 मध्ये तिच्यावरून चित्रपट व अ‍ॅनिमेशन मालिकाही निघाली. कथेचा काळ मेइजी व तैशो या राजवटींची आठवण करून देणारा, परंतु काल्पनिक आहे. साइमोरी हे अलौकिक शक्तींचा वारसा सांगणारे घराणे. थोरली कन्या मियो हिच्या ठायी तशी शक्ती दिसत नाही. आई सुमि लहानपणीच वारलेली. सावत्र आई कानोको व सावत्र बहीण काया तिला मोलकरणीसारखी राबवितात. वडील शिनइची हे सर्व पाहतात व गप्प राहतात. पुढे निष्ठुर म्हणून ख्याती असलेल्या कियोका कुदो या सेनाधिकाऱ्याकडे तिची वधू म्हणून रवानगी होते, आणि तेथे तिला प्रथमच माणुसकीची वागणूक मिळते.

या कृतीचे गुण आधी मान्य केले पाहिजेत. छळाचा परिणाम छळ थांबताक्षणी संपत नाही, हे सत्य येथे सूक्ष्मपणे रेखाटले आहे. मियो प्रत्येक वाक्यागणिक क्षमा मागते. तिने रांधलेले अन्न चांगले झाले आहे, असे कियोका साध्या शब्दांत सांगतो, तेव्हा तिला रडू कोसळते. कारण स्तुती कशी स्वीकारावी हे तिला कोणी शिकविलेलेच नाही. फार क्षमा मागितली की क्षमेला अर्थ उरत नाही, हे कियोकाचे म्हणणे उपदेशापेक्षा निरीक्षण म्हणून अधिक मोलाचे आहे.

परंतु छळ करणाऱ्यांच्या चित्रणात हीच लेखणी ठोकळेबाज होते. कानोको ही वस्तुतः शोकात्म व्यक्तिरेखा होऊ शकली असती. ती शिनइचीची पूर्वीची प्रेयसी. सुमिच्या रक्तातील शक्ती घराण्यात यावी म्हणून त्याचे लग्न सुमिशी लावण्यात आले आणि हिला दूर व्हावे लागले. म्हणजे मियोला गांजणारी ही स्त्री त्याच कुलव्यवस्थेची पहिली बळी आहे. कथेला हे ठाऊक आहे, पण त्याचा उपयोग ती फक्त मत्सराचे कारण म्हणून करते. याउलट, ज्याच्या हाती खरी सत्ता आहे तो पिता दुर्बल म्हणून जवळजवळ सुटून जातो. ज्या काळाची ही कथा छाया धरते, त्या काळात 1898 च्या नागरी संहितेने 'इए' म्हणजे कुल हा कायद्याचा घटक मानला होता, आणि घटकांच्या विवाहाला कुलप्रमुखाची संमती आवश्यक होती. ही व्यवस्था दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 मध्ये अंमलात आलेल्या संविधानाने व त्यानुसार सुधारलेल्या संहितेने मोडीत निघाली. कायद्याने दिलेली सत्ता पुरुषाची, आणि दुष्टपणाचे चित्र मात्र स्त्रीच्या मुखावर, अशी ही विभागणी आहे. सावत्र आईचा साचा अशा रीतीने व्यवस्थेला दृष्टीआड करतो.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. मियोला पळवून कोठारात कोंडले जाते, आणि कानोको व काया तिला विवाहाचा करार स्वतः मोडण्यास सांगतात. मियो नकार देते. या क्षणी तिच्याजवळ कोणतीही शक्ती नाही, सुटकेची शाश्वती नाही. आहे तो फक्त आपण वाईट वागणुकीस पात्र नाही हा नुकताच उमजलेला विश्वास. माझ्या मते कथेचे नैतिक शिखर येथेच आहे.

दुर्दैवाने पुढील भागात कथा या शिखरावरून खाली उतरते. मियोला पडणारी दुःस्वप्ने प्रथम वाचकाला छळाच्या जखमा वाटतात. नंतर कळते की ती तिच्या सुप्त शक्तीच्या जागृतीची लक्षणे आहेत. मातेच्या उसुबा कुळातील दुर्मिळ स्वप्नशक्ती तिच्यात होती आणि मातेनेच ती बद्ध केली होती. येथे दोन गोष्टी एकदम घडतात. दुःखाचा प्रामाणिक पुरावा चमत्काराच्या खात्यावर जमा होतो. आणि शक्तीवरून माणसाची किंमत ठरविणे अन्यायाचे आहे, हे म्हणण्याऐवजी कथा म्हणते की मियोची किंमत ठरविताना चूक झाली. मोजपट्टी तीच राहिली, फक्त माप बदलले. मग जिला खरोखरच कोणतीही शक्ती नाही अशा मुलीचे काय? कायाला शिक्षा म्हणून कडक शिस्तीच्या घरी सेवेला धाडले जाते, यातही सेविकेचे जिणे हीच अधोगती मानली आहे. युरिएसारखी प्रेमळ वृद्ध सेविका याच कथेत असावी, हा विरोध लेखिकेच्या ध्यानी आलेला दिसत नाही.

परंपरेचे बंधन म्हणून याचे समर्थन करता येणार नाही. सावत्र कन्येच्या छळाच्या कथा जपानी वाङ्मयात फार जुन्या आहेत. दहाव्या शतकातील 'ओचिकुबो मोनोगातारी'ची नायिका खोलगट खोलीत राहून शिवणकाम उपसते. तिची आई राजवंशातील होती खरी. तथापि तिची सुटका होते ती दासीच्या निष्ठेने व प्रियकराच्या उद्योगाने, म्हणजे मानवी साधनांनी. मराठी वाचकाला येथे श्रावणातील शिवामुठीची कहाणी आठवेल. त्या कहाणीतील नावडतीचा मान दैवी प्रसादानंतर वाढतो. तिला नावडती ठरविण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला, हे मात्र कोणी विचारीत नाही. व्रतकथेचे प्रयोजनच वेगळे असल्याने तो तिचा दोष नव्हे. मानसिक वास्तवाचा दावा करणाऱ्या आधुनिक कृतीला मात्र तो प्रश्न टाळता येत नाही.

रंजनप्रधान वाङ्मयाकडून एवढी अपेक्षा का करावी, असे कोणी म्हणेल. ज्या वाचकाने घरातच अवहेलना सोसली आहे, त्याला मियोच्या सुखात दिलासा मिळतो, आणि तो दिलासा खोटा नाही. परंतु याच वाचकासाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. अंगी गुप्त सामर्थ्य निघाले म्हणून प्रेम मिळाले, हा दिलासा भाग्यवंतांपुरता आहे. कोठारात कोंडलेल्या, शक्तिहीन मियोने दिलेला नकार मात्र कोणालाही देता येण्याजोगा आहे. कथेचा चिरस्थायी भाग तोच होय.