सँडी स्टोन : रुग्णवृत्त आणि आत्मकथन

सँडी स्टोन यांचा ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक : अ पोस्टट्रान्ससेक्शुअल मॅनिफेस्टो’ हा निबंध १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. जॅनिस रेमंड यांनी १९७९ च्या ‘द ट्रान्ससेक्शुअल एम्पायर’ या ग्रंथात, ऑलिव्हिया रेकॉर्ड्स या स्त्रियांनी चालविलेल्या संस्थेत ध्वनिमुद्रणाचे काम केलेल्या स्टोन यांच्यावर नाव घेऊन टीका केली होती. तिला दिलेले प्रत्युत्तर एवढीच या निबंधाची ओळख बहुधा सांगितली जाते. परंतु डॉना हॅरवे यांच्या मार्गदर्शनाखाली सांताक्रूझ येथे संशोधन करीत असताना लिहिलेल्या या निबंधाचा गाभा वादविवादात नाही. तो आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराच्या चिकित्सेत आहे.

लिली एल्बे यांच्यापासून जॅन मॉरिस यांच्या ‘कनन्ड्रम’पर्यंतची (१९७४) पारलिंगी आत्मकथने स्टोन वाचतात, तेव्हा त्यांना एक विलक्षण साम्य आढळते. निवेदक निःसंदिग्ध पुरुषत्वातून निःसंदिग्ध स्त्रीत्वात एकदम प्रवेश करतो. मधला प्रदेश संहितेत उरतच नाही. या साम्याचा उगम त्या चिकित्सालयात शोधतात. हॅरी बेंजामिन यांचा १९६६ चा ग्रंथ निदानाचा मानदंड ठरला होता. शस्त्रक्रियेचे इच्छुकही तोच ग्रंथ वाचत, एकमेकांना देत आणि त्याबरहुकूम आपला जीवनवृत्तांत सांगत. वृत्तांत निकषांशी जुळतात, हे पाहून संशोधकांना निकषांचीच सिद्धता झाल्यासारखे वाटे. यातील वर्तुळ ध्यानात येण्यास त्यांना काही वर्षे लागली. ज्या वाचकाच्या हाती परवानगी आहे त्याच्यासाठी रचलेले हे कथन होते. ‘चुकीच्या देहात अडकलो’ हे वाक्य त्यामुळे कबुलीजबाबापेक्षा परवलीच्या शब्दासारखे वाचावे लागते.

म्हणूनच पारलिंगी व्यक्तींकडे एक वर्ग किंवा ‘तिसरे लिंग’ म्हणून न पाहता एक ‘जॉनर’, देहधारी संहितांचा समुच्चय, म्हणून पाहावे, असे स्टोन सुचवितात. (जॉनर आणि जेंडर यांचे समान मूळ मराठीतील ‘वाङ्मयप्रकार’ व ‘लिंगभाव’ या जोडीत हरवते, आणि युक्तिवादाची निम्मी धारही.)

जे प्रॉसर यांनी १९९८ च्या ‘सेकंड स्किन्स’मध्ये या आत्मकथनांची बाजू घेतली. सलग कथनाशिवाय देहांतर जगताच येत नाही, हे त्यांचे म्हणणे वजनदार आहे. स्टोन यांच्या वाचनात मॉरिस यांच्यासारख्या कसलेल्या लेखिकेचे शब्दभानही निकषांच्या सावलीत झाकले जाते. याहून अवघड प्रश्न जाहीरनाम्याच्या मागणीचा आहे. पारलिंगी व्यक्तीने ओळख लपवून समाजात मिसळून जाणे सोडावे, उघडपणे वाचले जावे, ही ती मागणी. ती जवळजवळ अकल्पनीय आहे, हे स्टोन जाणतात. मात्र रेमंड यांच्या ग्रंथाने त्यांचे स्वतःचे नाव आधीच चव्हाट्यावर आणले होते. लपण्याचा पर्याय त्यांच्यापुरता संपला होता. ज्यांची नोकरी, घर आणि सुरक्षितता अजून त्याच पर्यायावर उभी होती, त्यांच्यासाठी या मागणीची किंमत किती, याचा हिशेब मात्र निबंधात मांडलेला नाही.