आकृती पौर्वात्य, आशय ख्रिस्ती?

मुंबईत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू अँथनी डि मेलो यांच्या ‘साधना’ (१९७८) या इंग्रजी ग्रंथाचे उपशीर्षक ख्रिस्ती आशय व पौर्वात्य आकृती अशी फारकत गृहीत धरते. व्हॅटिकनच्या १९८९ च्या पत्राने योग, झेन इत्यादींतील पद्धतींना सावधपणे वाव दिला, तोही याच गृहीतकावर. परंतु श्वास न्याहाळत मौन बसलेला साधक ईश्वराला ‘तू’ म्हणेलच असे नाही. आकृती आशयाला वाकवते. १९९८ च्या अधिसूचनेत व्हॅटिकनने डि मेलोंच्या उत्तरकालीन लेखनात ईश्वराचे व्यक्तिस्वरूप लोपते असा आक्षेप घेतला; तो समीक्षादृष्ट्या रास्तच म्हणावा लागेल. मात्र लेखनाच्या कथारूपाची नोंद घेऊनही तिने त्यातून सिद्धांतवाक्येच वेचली, आणि तीही येशूच्या दृष्टान्तांवर पोसलेल्या परंपरेत!