चवीविना परीक्षा

२०२५ च्या जानेवारीपासून एप्रिलपर्यंत सोनी वाहिनीवर ‘सेलिब्रिटी मास्टरशेफ’ ही पाककलेची स्पर्धा चालली. संध्याकाळची रोझरी आटोपून आपल्या अनेक घरांत ती पाहिली गेली. मीही तिचे बरेच भाग पाहिले, आणि रंगून पाहिले, हे आधीच कबूल करतो.

मूळ ‘मास्टरशेफ’ बीबीसीने १९९० साली हौशी स्वयंपाक्यांसाठी सुरू केले. कलावंत तेथे पुढे आले. हा बदल किरकोळ नाही. हौशी माणसाला पाहताना ‘याला हे जमेल का?’ असे वाटते. नटाला पाहताना ‘याची फजिती कशी होते?’ याचीच उत्सुकता अधिक. फराह खान यांचे खुसखुशीत सूत्रसंचालन याच उत्सुकतेवर पोसले गेले. रणवीर ब्रार आणि विकास खन्ना हे परीक्षक मात्र जाणकार. कोणाचा पदार्थ कोठे फसला, हे ते नेमके सांगत.

तरीही आपण नक्की काय पाहिले? पडद्यातून वास येत नाही, चव तर नाहीच. आपण परीक्षकाच्या भुवया पाहतो आणि ताटाची सजावट. विजेता ठरलेल्या गौरव खन्ना यांना रंग नीट ओळखता येत नाहीत, हे त्यांनी याच कार्यक्रमात सांगितले. ज्याला डोळ्यांचा पुरता आधार नाही तो जिंकला, आणि ज्यांच्यापाशी केवळ डोळेच होते असे आपण घरबसल्या गुण देत राहिलो!

अठ्ठ्याहत्तरी गाठलेल्या उषा नाडकर्णी अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या नाहीत. त्यांचा सडेतोडपणा कार्यक्रमाने हौसेने वापरला. त्यांच्या हातची घरगुती चव त्या चकचकीत ओट्यावर परकी वाटत राहिली. घड्याळ हा तेथील खरा यजमान. आपल्या फुग्यांचे पीठ आंबायलाच कित्येक तास लागतात. इंदियाल खरे लागते ते दुसऱ्या दिवशी, व्हिनेगर मुरल्यावर. बाटली मसाल्यासाठी तर उन्हाळ्यात मिरच्या वाळवण्यापासून सुरुवात. मग एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, कुटायचा आणि गडद बाटल्यांत ठासून भरायचा. तासाभराच्या स्पर्धेत यातले काय मावणार?

हा दोष केवळ वाहिनीचा, असे म्हणायला मी धजत नाही. आमच्या सणाच्या पाककला स्पर्धेत त्याच वर्षी वीसांपैकी दहा गुण सजावटीला ठेवले होते. परीक्षकांत मी होतो. एका आजींनी घरच्याच टोपात इंदियाल आणले होते, वर कोथिंबिरीचे पानसुद्धा नव्हते. त्याहून चवदार त्या दिवशी मी काही खाल्ले नाही. सजावटीच्या रकान्यात मी दोन गुण लिहिले. त्यांना बक्षीस मिळाले नाही. टोप घेऊन निघताना त्यांनी मला विचारले, “फादर, आंबट जास्त झालं होतं काय?”