चोरीला गेलेला मार्शल

'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या चौथ्या सीझनमध्ये एडी मन्सन ट्रेलरच्या छतावर चढून 'मास्टर ऑफ पपेट्स' वाजवतो. जुलै २०२२मध्ये तो प्रसंग जगभर पाहिला गेला, आणि मेटलशी काडीचाही संबंध नसलेल्या माझ्या चार-पाच मित्रमैत्रिणींनी मला एकच प्रश्न विचारला : गिटारचा असा आवाज काढतात तरी कसा? मी उत्साहाने अ‍ॅम्पचं नाव, व्हॉल्व्हचे प्रकार, इक्वलायझरची कुठली दांडी वर आणि कुठली खाली, असं सगळं सांगत सुटले. नंतर एक तपशील लक्षात आला आणि माझंच उत्तर मला अपुरं वाटायला लागलं. मालिकेतली ती गोष्ट घडते मार्च १९८६मध्ये. मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' हा अल्बम बाजारात आला ३ मार्च १९८६ला. म्हणजे एडी जे वाजवतोय ते त्याच्यासाठी जेमतेम काही दिवसांपूर्वीचं आहे. आपण ज्याला 'एटीजचा क्लासिक टोन' म्हणतो, ती त्याच्यासाठी ताजी बातमी आहे.

हा आवाज पुन्हा घडवणं हा आज एक स्वतंत्र छंद आहे. काहींसाठी तर ते व्रतच आहे. लोक चाळीस वर्षांपूर्वीचे अ‍ॅम्प लाखो रुपये मोजून घेतात. त्याच काळातले स्पीकर शोधतात, कुणाच्या तरी कपाटात न वापरता पडून राहिलेले जुने व्हॉल्व्ह शोधतात. हेटफिल्डमुळे दंतकथा बनलेला मार्क टू-सी प्लस हा अ‍ॅम्प मेसा बूगीने २०२४मध्ये पुन्हा बाजारात आणला. ज्यांच्याकडे एवढे पैसे नाहीत ते (मीही त्यांतलीच) न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी टिपून ठेवलेली त्या अ‍ॅम्पची प्रतिकृती लॅपटॉपवर उतरवून घेतात. या मंडळींत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, योग्य यंत्र मिळालं की आवाज मिळतो. दुसरा म्हणतो, यंत्रात काही नसतं, आवाज बोटांत असतो. मला दोन्ही म्हणणी अर्धवट वाटतात, आणि माझा साक्षीदार खुद्द जेम्स हेटफिल्ड आहे.

जानेवारी १९८४मध्ये बॉस्टनमध्ये मेटॅलिकाचं सामान चोरीला गेलं. त्यात हेटफिल्डचा लाडका, आतून बदल करून घेतलेला मार्शल अ‍ॅम्पही होता. 'किल 'एम ऑल' या १९८३च्या पहिल्या अल्बमचा आवाज त्याच अ‍ॅम्पचा. त्यानंतर काही आठवड्यांतच बँड कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत 'राइड द लाइटनिंग' ध्वनिमुद्रित करायला पोचला. तिथे फ्लेमिंग रासमुसेन या ध्वनिमुद्रकासोबत हेटफिल्डने पहिलं काम काय केलं, तर मिळतील तेवढे मार्शल मागवून एकेक वाजवून पाहिला. गेलेला आवाज त्याला परत हवा होता.

म्हणजे मेटॅलिकाचा टोन पुन्हा घडवण्याच्या मागे लागलेला पहिला माणूस हेटफिल्डच होता. आवाज बोटांत असता तर त्याला शोधाशोध करायची गरज नव्हती. बोटं चोरीला गेली नव्हती. आणि आवाज नुसता यंत्रात असता तर दुसरा मार्शल मिळाल्यावर 'राइड द लाइटनिंग' 'किल 'एम ऑल'सारखा वाजायला हवा होता. तो तसा वाजत नाही. तो जास्त काळोखा आहे, रुंद आहे, त्याच्या पोटात जास्त वजन आहे. जुना आवाज शोधण्यात हेटफिल्ड नापास झाला आणि त्या नापास होण्यातून पुढचा आवाज आला.

आता थोडं यंत्राच्या आत जाऊ. गणपतीच्या मांडवातला स्पीकर प्रमाणाबाहेर मोठा केला की आवाज फाटतो, हे आपण सगळ्यांनी सोसलेलं आहे. डिस्टॉर्शन म्हणजे हेच फाटणं, पण ताब्यात ठेवलेलं. व्हॉल्व्हला झेपेल त्यापेक्षा मोठी लहर आत पाठवली की तिचे शेंडे सपाट होतात आणि मूळ स्वरात नसलेले उपस्वर तयार होतात. दोन स्वर एकत्र पाठवले तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचेही स्वर उमटतात. मेटलचा पॉवर कॉर्ड म्हणजे आपला षड्ज-पंचम. षड्ज २०० मानला तर पंचम ३००. वजाबाकी १००, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज, जो कुणी वाजवलेलाच नाही. बेरीज ५००, म्हणजे वरच्या सप्तकातला गंधार. तानपुरा नीट लागला की त्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो, हे गाणं शिकणाऱ्या कुणालाही माहीत असतं. मिरजेचा कारागीर जवारी काढताना जे उपस्वर जागे करतो, त्यांच्याच कुळातलं काहीतरी इथे भर्रकन, ओबडधोबडपणे घडतं. तोच गंधार गिटारवर तिसरा स्वर म्हणून वाजवायला गेलं तर मात्र बेरजा-वजाबाक्यांची गर्दी होऊन नुसता गोंगाट उरतो. म्हणून मेटलवाले बरेचदा दोनच स्वरांवर थांबतात. बाकीचं अ‍ॅम्प गातो.

'मास्टर ऑफ पपेट्स'साठी हेटफिल्डने वापरलेला मार्क टू-सी प्लस हे फाटणं कसं हाताळतो, ते पाहण्यासारखं आहे. यात बेस, मिडल, ट्रेबलची बटणं डिस्टॉर्शनच्या आधी येतात आणि पाच दांड्यांचा इक्वलायझर त्याच्या नंतर. त्यामुळे बेसचं बटण जवळजवळ शून्यावर ठेवायचं असतं. जड, ढिला बेस आधीच आत गेला तर फाटताना त्याचा चिखल होतो. आवाज नीट, घट्ट फाटला की मग शेवटी ८० हर्ट्झची दांडी वर सरकवून वजन परत द्यायचं आणि मधली ७५०ची खाली ओढायची. अनेक जण प्रतिकृती उतरवतात, बेस सहावर ठेवतात आणि 'आवाज जमत नाही' म्हणून कुरकुरतात. मीही केली आहे. तो अ‍ॅम्प समजून घेणं म्हणजे त्याच्या कामाचा क्रम समजून घेणं. इथे मला या छंदाबद्दल आदर वाटतो. कवितेतला एखादा शब्द जागेवरून हलवून पाहावा, तसं हे वाचन आहे. फक्त हातात मजकुराऐवजी बटणं आहेत.

पण एवढ्यावर तो आवाज होत नाही. हेटफिल्डने मेसाचा फक्त पुढचा भाग घेतला आणि त्यातून निघालेला सिग्नल मार्शलच्या पॉवर विभागात सोडला. कॅलिफोर्नियाचं डोकं, इंग्लंडचं धड. शिवाय तोच रिफ त्याने पुन्हापुन्हा वाजवून एकावर एक चढवला. २००९मध्ये मेटॅलिकावर 'गिटार हिरो' मालिकेतला गेम आला आणि त्याच्यासाठी सुटे केलेले ट्रॅक नंतर इंटरनेटवर पसरले. त्यातली नुसती गिटार ऐकली तर पहिली भावना निराशेची असते. आपल्या आठवणीत आहे त्यापेक्षा तिथे डिस्टॉर्शन कमी आहे. ऐकू येतो तो तारेवर आपटणाऱ्या पिकचा खडखडाट आणि मिनिटाला दोनशेहून जास्त ठोक्यांच्या वेगात फक्त वरून खाली चालणारा उजवा हात. ती भिंत एका अ‍ॅम्पची नाही. एकाच माणसाने अनेकदा, जवळजवळ तसंच वाजवलं त्याची आहे. 'जवळजवळ' हा शब्द महत्त्वाचा, कारण दोन फेऱ्यांमधल्या सूक्ष्म फरकांमुळेच आवाज रुंद होतो. एकाच ट्रॅकची प्रत दोन्ही कानांत टाकली तर तो नुसता मोठा होतो.

अ‍ॅम्प तोच असून आवाज किती बदलतो, हे पाहायला पुढचाच अल्बम पुरे. '...अँड जस्टिस फॉर ऑल'मध्येही (१९८८) मार्क टू-सी प्लस आहे. पण तिथली गिटार कोरडी, हाडं दिसणारी वाटते, आणि बास गिटार मिक्समध्ये जवळजवळ ऐकूच येत नाही. 'पपेट्स'मध्ये क्लिफ बर्टनचा बास गिटारखाली जमीन धरून होता. सप्टेंबर १९८६मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात तो गेला. आपण ज्याला हेटफिल्डचा टोन म्हणतो, त्यात त्याचाही वाटा होता. तो कुठल्या दुकानातून आणणार?

माहिती असली तरी ती खरी असेल याचीही खात्री नाही. एडी व्हॅन हेलनने १९७८च्या पहिल्या अल्बममधल्या आवाजाबद्दल सुरुवातीला सांगितलं होतं, की तो व्हेरिअ‍ॅक लावून मार्शलचं व्होल्टेज वाढवतो. प्रत्यक्षात तो ते कमी करायचा, अमेरिकेतल्या ११०-१२०वरून ९०च्या आसपास. त्याचं ऐकून व्होल्टेज वाढवणाऱ्यांच्या अ‍ॅम्पचं काय झालं असेल, ते सांगायला नको.

एकदा पुण्यातल्या एका जॅमरूममध्ये मला खराखुरा, ऐंशीच्या दशकातला मार्शल जेसीएम ८०० वाजवायला मिळाला. स्लेयरसारख्या बँडांच्या मागे रांगेने उभा असायचा तो. मी गिटार जोडली, आवाज वाढवला, आणि पोटात धक्का बसला. पण ओळख पटली नाही. मला वाटलं, अ‍ॅम्प बिघडलाय. मालक हसून म्हणाला, "ताई, तुम्ही आजवर अ‍ॅम्प ऐकलाच नाहीये. रेकॉर्ड ऐकलीये." खरं होतं. माझ्या कानात बसलेला 'मूळ' आवाज मायक्रोफोन, टेप आणि मिक्समधून गेलेला, पुढे मावसभावाने भरून दिलेल्या कॅसेटमधून आणि स्वस्त इअरफोनमधून पोचलेला होता. शिवाय समोरचा अ‍ॅम्पही चाळीस वर्षांत बदललेला. आतले कपॅसिटर वाळतात, बदलावे लागतात. स्पीकरचा कागद सैल होतो. आणि ज्या रेकॉर्डच्या प्रेमात आपण जुनी यंत्रं शोधतो, त्यांवरची यंत्रं तेव्हा नवी होती. १९८५च्या शरदात कोपनहेगनमध्ये वाजला तो बाजारात नुकताच आलेला अ‍ॅम्प होता, आणि त्याचं काय करायचं हे अजून कुणी ठरवून ठेवलेलं नव्हतं.

म्हणून माझी तक्रार जुने अ‍ॅम्प शोधणाऱ्यांबद्दल नाही; तक्रार आहे ती ते कुठे थांबतात याबद्दल. हुबेहूब आवाज मिळाला की बहुतेक जण तोच जुना रिफ वाजवतात, शाबासकी घेतात आणि पुढच्या अ‍ॅम्पकडे वळतात. गुरूची गायकी गळ्यात उतरवणं ही तालीम असते. पण शिष्य पन्नाशीतही फक्त गुरूच्याच जागा घेत असेल तर ऐकणारे हळूच घड्याळ पाहतात. हेटफिल्डला तो जुना मार्शल कोपनहेगनमध्ये जसाच्या तसा सापडला असता, तर कदाचित आपल्याला आणखी एक 'किल 'एम ऑल' मिळाला असता. वाईट नसता. पण एडी छतावर चढून काय वाजवतोय, हे कुणी विचारलं नसतं.

अजूनही कुणी विचारलं की मी बेस शून्यावर ठेवायला आणि ७५०ची दांडी खाली ओढायला सांगतेच. फक्त आता त्याआधी बॉस्टनमधल्या चोरीची गोष्ट सांगते.