ग्रिम्बलची बेटे आणि बानाबाची माणसे

गोऱ्या अधिकाऱ्यांनी निवृत्तीनंतर लिहिलेल्या आठवणींचा एक स्वतंत्र कप्पाच इंग्रजी वाङ्मयात आहे. त्यातली बरीचशी पुस्तके शिकार, बंगला, खानसामा आणि बदलीचे हुकूम यांच्यापुढे सरकत नाहीत. सर आर्थर ग्रिम्बल यांचे १९५२ साली निघालेले ‘ए पॅटर्न ऑफ आयलंड्स’ हा या कप्प्यातला एक सन्मान्य अपवाद. मूळची ही बीबीसीवरची भाषणे. म्हणून वाक्यांना बोलण्याची ऊब आहे. पुस्तक खूप खपले, विलायतेत शाळांतून नेमले गेले, १९५६ साली त्यावर चित्रपटही निघाला. तो चित्रित झाला सामोआत, म्हणजे ग्रिम्बलच्या बेटांपासून फार दूर. पाहणाऱ्यांना बेट म्हणजे बेट, नारळ म्हणजे नारळ!

ही बेटे पॅसिफिक महासागरात विषुववृत्ताच्या आजूबाजूला पसरलेली. तेव्हाचे नाव गिल्बर्ट, १९७९ पासून किरिबाती. तिकडच्या भाषेत ‘ती’चा उच्चार ‘स’ होतो, तेव्हा खरे नाव ‘किरिबास’. आणि हे किरिबास म्हणजे दुसरेतिसरे काही नसून ‘गिल्बर्ट्‌स’चेच तिथल्या जिभेवर झालेले रूप. दोन भाषांच्या सांध्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या गमतीचे फारसे नवल वाटू नये. गावाच्या पाटीवर एक नाव आणि घरात दुसरे, हे आपण रोजच पाहतो.

१९१४ साली पंचविशीतला ग्रिम्बल पत्नी ऑलिव्हियासह तिथे उमेदवार अधिकारी म्हणून उतरला. पुस्तकातला नायक हाच. सडपातळ, संकोची, पदोपदी फजीत होणारा. ऑक्टोपसचे प्रकरण तर प्रसिद्धच आहे. दोन पोरे मिळून ऑक्टोपस मारतात. एकाने पाण्यात आमिष व्हायचे, त्या प्राण्याने विळखा घातला की दुसऱ्याने दोघांना वर ओढून त्याच्या डोळ्यांच्या मधोमध चावा घ्यायचा. साहेब कौतुकाने पाहत राहिले, तेव्हा पोरांनी आमिषाची जागा त्यांनाच देऊ केली. नाही म्हणावे तर साहेबाची अब्रू जाते, म्हणून हा गृहस्थ भीतीने अर्धमेला होऊन पाण्यात उतरतो. वाचताना हसू आवरत नाही.

पण या हसण्यातच लेखकाचे कसब दडलेले आहे, आणि माझी तक्रारही तिथेच सुरू होते. जो लेखक स्वतःची इतकी टिंगल करतो, त्याच्या हातात सत्ता आहे हे वाचक विसरतो. हा माणूस न्यायनिवाडा करतो, शिक्षा देतो, कर वसूल करतो. आपल्या डोळ्यांपुढे मात्र राहतो तो ऑक्टोपसच्या विळख्यातला भित्रा तरुण. नम्रता हा लेखनगुण खरा, पण राज्यकर्त्याच्या लेखणीत तो आडपडद्याचेही काम करतो. हे ग्रिम्बलने जाणूनबुजून केले असे मी म्हणत नाही. परिणाम मात्र तोच होतो.

बुतारितारी बेटावरच्या कुमा गावचे डॉल्फिन बोलावण्याचे प्रकरण मला याहून मोठे वाटते. गावातला एक पिढीजात जाणकार झोपडीत जाऊन निजतो, स्वप्नात डॉल्फिनांना आवतण देतो, आणि ते खरोखर थव्याने किनाऱ्याला येतात. माणसे पाण्यात उतरतात, त्यांना कुरवाळत वाळूवर आणतात. आणि मग कत्तल. ग्रिम्बल इथे शहाणपणा करीत नाही, अंधश्रद्धा म्हणून नाक मुरडत नाही. जे पाहिले ते सांगतो आणि थांबतो. बाहेरच्या माणसाने आत कसे पाहावे याचा हा उत्तम नमुना आहे. त्याने तिथली भाषा मनापासून शिकून घेतली होती, एका कुळाने त्याला आपलेही म्हटले होते. त्याने टिपून ठेवलेल्या दंतकथा पुढे एच. ई. मॉड यांनी संपादून १९८९ साली प्रसिद्ध केल्या. आपल्याकडे १८८४चे बेळगाव गॅझेटियर चाळताना आजोबा-पणजोबांविषयी कुणी परक्याने परस्पर लिहिलेले सापडते आणि राग व उपकार दोन्ही एकदम वाटतात, हेही तसेच.

आता बानाबा. तेव्हाचे ओशन आयलंड. ग्रिम्बल पहिल्यांदा उतरला तो इथेच. सहा चौरस किलोमीटरचे, नदी-ओढा नसलेले बेट. पाणी भुयारांत. बायकांनी करवंट्या घेऊन सरपटत आत जायचे आणि ते आणायचे, पुरुषांना तिथे मज्जाव. पण जमीन म्हणजे उत्तम प्रतीचे फॉस्फेट. १९०० साली आल्बर्ट एलिसने ते हेरले आणि कंपनीने करार केला: वर्षाला ५० पौंड, मुदत ९९९ वर्षे! पुढच्या ऐंशी वर्षांत तिथून सुमारे दोन कोटी टन माल खणून नेला गेला, मुख्यतः ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतांसाठी. म्हणजे एकाची माती उचलून दुसऱ्याच्या शेतात घातली. आज बेटाचा मधला भाग म्हणजे दगडी सुळक्यांचे रान आहे.

१९२८ साली खाणीला आणखी जमीन हवी होती आणि बानाबाचे लोक सही देईनात. तेव्हा बेटांचा रेसिडेंट कमिशनर होता आर्थर ग्रिम्बल. ५ ऑगस्टला त्याने बुआकोनिकाई गावच्या लोकांना एक पत्र लिहिले. सही केलीत तर कोणते लाभ, न केलीत तर कोणते अनर्थ, अशी त्यात चक्क दोन सदरे होती. एक जगण्याचे, दुसरे मरण्याचे. गाव नाहीसे होण्याची धमकीही त्यात आहे. आणि हे पत्र त्यांच्याच भाषेत आहे.

या शेवटच्या गोष्टीपाशी मी बराच वेळ अडखळलो. सरकारचा कागद आपल्या भाषेत मिळावा म्हणून माणसे अर्ज-विनंत्या करण्यात हयात घालवतात, हे सीमाभागातल्या वाचकाला मी काय सांगावे? बानाबाच्या लोकांना तो मिळाला. ज्या भाषेत ग्रिम्बलने दंतकथा ऐकल्या, तिच्यातच त्याने दम दिला. आणि भाषा चांगली येत होती म्हणूनच तो नेमका लागला.

त्याचे पहिले पुस्तक १९२८च्या बऱ्याच आधी संपते, तेव्हा त्याने खोटे सांगितले असा आरोप करता येत नाही. आठवणी कुठे थांबवायच्या हा लेखकाचा अधिकार आहे. पण तो अधिकार पत्र मिळालेल्यांना नव्हता. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी बेट घेतले, लोकांना इतरत्र नेले, कित्येकांना मारले. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी उरलेल्यांना परत न नेता १५ डिसेंबर १९४५ रोजी फिजीतल्या एका बेटावर उतरवले. लिहायचे रबी, म्हणायचे राम्बी. आपल्या रब्बीशी त्याचा संबंध नाही. हे बेट बानाबाच्या लोकांच्याच पैशाने विकत घेतलेले होते. राहायला तंबू होते, शिधा दोन महिन्यांचा होता आणि दिवस वादळांचे होते.

हे पत्र जगापुढे आले ते सत्तरच्या दशकात, बानाबाचे लोक लंडनच्या कोर्टात गेले तेव्हा. न्यायमूर्ती मेगारी बेट पाहायला स्वतः गेले. त्यांनी १९७६ साली दिलेल्या निकालात सरकारला शब्दांचा मार बसला, पण विश्वस्त म्हणून कायद्याने बांधील धरले गेले नाही. ग्रिम्बल १९५६ सालीच वारला होता. त्याची बाजू त्याला मांडता आली नाही, हेही नोंदवायला हवे.

मग पुस्तक टाकून द्यावे का? मी देणार नाही. कुमाचे प्रकरण आजही तितकेच खरे आहे. पण त्याच्या शेजारी बानाबा वंशाच्या अभ्यासक कॅटेरिना तेइवा यांचे २०१४चे ‘कन्झ्यूमिंग ओशन आयलंड’ ठेवावे. त्या भुकटीच्या मागे जातात: खाण, जहाज, कारखाना, कुरण. ग्रिम्बलची गोडी त्यांच्या गद्यात नाही. काही पाने तर विद्यापीठी परिभाषेने जड झाली आहेत. पण ग्रिम्बलच्या पुस्तकात ज्या जमिनीवर सारे घडते, तिचे पुढे काय झाले हे इथेच कळते. राम्बीवर दर १५ डिसेंबरला लोक नाचतात, आणि नाचात कंपनी येते, खणते, माणसे जहाजात चढतात. त्यांच्या आठवणींचे पुस्तक ते असे अंगाने लिहितात.

राम्बीवर त्यांनी चार वस्त्या वसवल्या आणि बानाबावरच्या चार गावांची नावे त्यांना दिली: ताब्वेवा, उमा, ताबियांग आणि बुआकोनिकाई.