मराठी विज्ञानकादंबरीचा प्रांत

मराठीत विज्ञानकथा आहे आणि ती विपुल आहे. विज्ञानकादंबरी मात्र इतकी विरळ आहे, की एखाद्या जिज्ञासू वाचकाने ‘काय वाचू?’ असे विचारले असता कथासंग्रहांची नावे भराभर सांगता येतात आणि कादंबऱ्यांची आठवावी लागतात. ‘केरळकोकिळ’ मासिकाने विसाव्या शतकाच्या आरंभीच ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे भाषांतर क्रमशः छापले, पुढे भा. रा. भागवतांनी त्याच व्हर्नला मराठी मुलांच्या हाती दिले, आणि तरीही दीर्घ, स्वतंत्र कादंबरी लिहिण्याचा प्रघात आपल्याकडे पडला नाही. याचे कारण लेखकांच्या प्रतिभेत शोधण्यापेक्षा, त्यांचे लेखन जेथे छापले जात होते तेथे शोधणे अधिक न्याय्य ठरेल.

ते ठिकाण म्हणजे दिवाळी अंक आणि स्पर्धा. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने अद्भुताला आश्रय दिला, १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथेच्या स्पर्धा भरवल्या, आणि त्याच स्पर्धेत १९७४ साली ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने दाखल झालेल्या ‘कृष्णविवर’ या कथेने जयंत नारळीकर हा कथाकार मराठीला मिळाला. हे उपकार लहान नव्हेत. परंतु स्पर्धेला शब्दांची मर्यादा असते, अंकाला पृष्ठांची; त्या मर्यादेत एक कल्पना आणि एक कलाटणी एवढेच नीट मावते. नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत डाव्या-उजव्याची अदलाबदल होते, आणि भूमितीतील ती कूट कल्पना गणपतीच्या सोंडेवरून वाचकाला एका क्षणात उमगते. अशा कथेची पाने वाढवू गेल्यास तिचे तेज उणावेल. कादंबरीची मागणी निराळी आहे. एक शोध लागल्यावर घर, बाजार, कचेरी, न्याय आणि राज्यकारभार या साऱ्यांची घडी कशी विसकटते हे तिला दाखवावे लागते, आणि तेथे नुसती कल्पना पुरत नाही.

ही मागणी ज्यांनी ओळखली त्यांत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ची शिफारस मी प्रथम करतो. उत्खननात सापडलेल्या एका पेटीत लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीचे ज्ञान दडलेले आहे. त्या ज्ञानाच्या आधारे यंत्रमानव घडवला जातो. आणि ज्या संस्कृतीने हा वारसा ठेवला तिचा नाश का झाला, हे कळेपर्यंत वाचकाच्या मनात बळीच्या मस्तकावरील तिसरे पाऊल घर करून बसते. आपले सारे श्रम आणि अखेर आपली विचारशक्तीही यंत्राच्या स्वाधीन करणाऱ्या समाजाचे काय होते, हा प्रश्न सामान्य मराठी घरात संगणक पोहोचण्यापूर्वी या कादंबरीने विचारला. तिच्यातील माणसे मात्र विचारांची वाहने आहेत. ती पुष्कळ समजावून सांगतात, चुका जपून करतात, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात काय शिजते हे आपल्याला कधीच कळत नाही. हा दोष खरा आहे. तरी विचाराची शिस्त एवढी निर्दोष आहे, की तो सोसूनही हे पुस्तक पुन्हा हाती घ्यावेसे वाटते.

लक्ष्मण लोंढे आणि चिंतामणी देशमुख यांची ‘देवांसि जिवे मारिले’, अरुण साधूंची ‘विप्लवा’, भयकथाकार म्हणूनच लक्षात राहिलेल्या नारायण धारपांच्या विज्ञानकादंबऱ्या, नारळीकरांच्याच ‘प्रेषित’ व ‘व्हायरस’ या वाचनीय आहेत, आणि ज्याला या प्रांताची ओळख करून घ्यायची आहे त्याने त्या वगळू नयेत.

नंदा खरे यांची ‘उद्या’ मात्र या पंक्तीतून उठून निराळी बसते. व्यवसायाने स्थापत्य अभियंता असलेल्या या लेखकाने दूरचा ग्रह वा अज्ञात यंत्र शोधले नाही. माणसावर चोवीस तास ठेवलेली पाळत, कंपन्यांची राज्यसत्तेवर चालणारी हुकूमत, मुलींचा जन्म नाकारल्यामुळे घटलेली स्त्रियांची संख्या, अशा आज रुजलेल्या बीजांना त्यांनी थोडी मुदत दिली आणि येणारे पीक निर्भयपणे मांडले. नारळीकरांकडे विज्ञान प्रयोगशाळेत, सज्जन माणसांच्या देखरेखीखाली घडते. खरे यांच्याकडे ते आधीच समाजाच्या नसांत भिनलेले आहे, आणि त्याचा जाब कोणाला विचारावा हे कोणालाच ठाऊक नाही. अनेक पात्रांची कथानके समांतर चालतात, त्यामुळे पहिली काही प्रकरणे वाचकाकडून सहनशीलता मागतात. ती त्याने द्यावी. या कादंबरीला २०२० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खरे यांनी तो नम्रपणे नाकारला. माझ्या मते मराठी विज्ञानकादंबरी प्रौढ झाल्याचा दस्तऐवज म्हणजे ‘उद्या’च.

त्यानंतर या तोडीची दुसरी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही, आणि ती यावी अशी तळमळ आहे. कारण यंत्राने लिहावे, यंत्राने निवाडा द्यावा अशी तजवीज ज्या काळात चालू आहे, त्या काळाचे समग्र चित्र दहा-बारा पानांच्या कथेत मावणारे नाही. लेखकांनी दिवाळी अंकाच्या मुदतीपलीकडे पाहावे, प्रकाशकांनी दीर्घ हस्तलिखिताला भिऊ नये. आणि वाचकांना माझी विनंती एवढीच, की आधी ‘वामन परत न आला’ व मग ‘उद्या’ या क्रमाने ही दोन पुस्तके वाचा, आणि गावच्या ग्रंथालयात ती नसतील तर ग्रंथपालांकडे लेखी मागणी नोंदवा.