चंदला की चंद्रलेखा?

कल्याणीच्या चालुक्यांपैकी सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) याची एक राणी कऱ्हाडच्या शिलाहार कुळातील होती. आजच्या बसवकल्याणात, म्हणजेच त्या जुन्या राजधानीत, ती सून म्हणून आली. कोरीव लेखांत तिचे नाव चंदलदेवी असे येते; बिल्हणाच्या ‘विक्रमाङ्कदेवचरिता’त मात्र ती चंद्रलेखा होऊन वावरते. यांपैकी मूळ नाव कोणते?

आपल्याकडे उत्तर बहुधा ठरलेले असते. संस्कृत रूप दिसले की ते मूळ, आणि दुसरे त्याचा अपभ्रंश. ‘चंद्रलेखा’ उच्चारता न आल्यामुळे लोकांनी ‘चंदला’ केले, अशी ही समजूत. आम्हांस ती मान्य नाही. ‘लेखा’ या शब्दाची झीज होऊन नुसता ‘ला’ कसा उरावा, हे ती सांगू शकत नाही. आणि त्याच राजाच्या केतलदेवी, सावलदेवी, जक्कलदेवी या राण्यांच्या नावांतील ‘ल’ कोणत्या ‘लेखे’चा, हेही तिला सांगता येणार नाही. होयसळ विष्णुवर्धनाची राणी शांतला हिचे नावही याच घडणीचे. तेव्हा ‘ल’ हा प्रत्यय होय. प्राकृतात तो अर्थ फारसा न बदलता शब्दाला जडतो. मराठीतील ‘एकला’, ‘आंधळा’ हे शब्द त्याच वाटेने आले. कन्नडात ‘माला’चे ‘माले’, ‘सीता’चे ‘सीते’ होते, तसेच ‘चंदला’चे ‘चंदले’. कऱ्हाड आणि कल्याण यांच्यामध्ये भाषेची भिंत बांधणाऱ्यांनी या एका अक्षराकडे लक्ष द्यावे. ते केवळ कानडी नाही, केवळ मराठीही नाही.

मग बिल्हणाचे रूप टाकाऊ का? मुळीच नव्हे. कन्नडात ‘चंद’ म्हणजे सुंदर असाही अर्थ आहे, त्यामुळे ‘चंदला’ म्हणजे ‘सुंदरी’ असे कोणी म्हटले तर ते सहज पटण्याजोगे आहे. परंतु विक्रमादित्याच्या दरबारात राहिलेल्या कवीने या नावात चंद्र पाहिला. त्या काळच्या जाणत्या माणसाला नावाचा कोणता अर्थ प्रतीत होत होता, याची ही साक्ष आहे. अर्थासाठी कवीला विचारावे. उगमासाठी त्याला विचारू नये. काव्यातील नायिकेला शोभेसे नाव देणे हा त्याचा अधिकारच होता. चूक झाली ती पुढच्या वाचकांची, त्यांनी अलंकारालाच देह मानले.

काश्मीरचाच दुसरा ग्रंथकार कल्हण बाराव्या शतकाच्या मध्यास ‘राजतरंगिणी’ लिहीत होता. काश्मीरनरेश हर्ष (१०८९–११०१) हा कर्णाटाधिपती पर्मांडीच्या पत्नीचे चित्र पाहून मोहित झाला, अशी कथा त्याने दिली आहे. पर्मांडी म्हणजे आपला विक्रमादित्य. कल्हणही संस्कृतातच लिहितो, पण राणीला तो चंदला म्हणतो. इतक्या दूर पोहोचले ते बोलण्यातले नाव!

कलबुर्गी जिल्ह्यात भीमातीरी सन्नतीस चंद्रला परमेश्वरी आहे. अनेक मराठी घराण्यांची ती कुलस्वामिनी. येथे ‘चंद’चा ‘चंद्र’ झाला, पण ‘ल’ जागचा हलला नाही: अर्धे नाव पंडितांचे, अर्धे लोकांचे. (‘चंद्रलांबा’ म्हणजे चंद्रला आणि अंबा, ‘चंद्र’ आणि ‘लांबा’ असे तोडून वाचू नये.) देवी आणि राणी यांचे नाव जुळले म्हणून त्या एक ठरत नाहीत, आणि तसा संबंध जोडण्याचा आमचा हेतूही नाही. तथापि एखाद्या मुलीने शाळेत आपले नाव ‘चंद्रला’ सांगितले, तर शिक्षकाने लेखणी सरसावून हजेरीपटावर ‘चंद्रकला’ लिहू नये. मुलीने सांगितलेलेच नाव शुद्ध आहे.